पिनकाका

भाद्रपद जवळ आला की आमच्या सोसायटीत माळ्यावरून दोन गोष्टी खाली येतात. एक गणपतीचं मखर आणि दुसरी पिनकाकांची पिशवी. मखराला दरवर्षी नवी झालर लागते. पिशवी मात्र तीच: कुठल्याशा कापड दुकानाची, चेन तुटलेली, बंदांना गाठी मारलेली.

काकांचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर आहे आणि ते तिथंच असतं. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली, आता लोकांची गाणी जोडून देतात. गाणं मोबाइलमध्ये असतं, मिक्सर टेबलावर असतो आणि दोघांच्या मध्ये हातभर अंतर असतं. हे हातभर अंतर म्हणजे काकांची जहागीर. त्यात दुसऱ्या कुणी पाऊल ठेवलेलं त्यांना चालत नाही.

मिक्सर कशाला म्हणतात हेही आमच्याकडे त्यांच्यामुळेच कळलं. त्याआधी एका खजिनदारांनी ‘मिक्सरचं भाडं’ हा खर्च नैवेद्याच्या खात्यात टाकला होता.

काकांपुढे ‘जॅक’ हा शब्द जपून वापरावा. “जॅक म्हणजे भोक. भोकात जाते ती पिन. नवऱ्याला बायको म्हणतोस का?” एवढं ऐकवूनच ते पिशवीत हात घालतात. फोनला लागते ती साडेतीन मिलिमीटरची, बारीक, तिचं बाजारातलं नाव ईपी. मिक्सरला लागते ती पाव इंची, जाडजूड, ती पी-३८. लाल-पांढरी जोडी ती आरसीए. माइकची तीन दातांची ती कॅनन. यातली पी-३८ काकांची विशेष लाडकी, कारण ती मूळची त्यांच्या खात्यातली. जुन्या एक्स्चेंजमध्ये बोर्डासमोर बसलेल्या बाई कॉल जोडायला याच घराण्याची पिन भोकात खुपसत. “म्हणजे तुमचा डीजे आणि आमचा ट्रंककॉल एकाच रक्ताचे,” काका सांगतात. डीजे हे मान्य करत नाही.

पिशवीत इतिहासाचे थर आहेत. तळाशी वॉकमनच्या काळातल्या वायरी. १९७९ साली आलेल्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. ही गोष्ट काका नवविवाहितांना हमखास सांगतात. त्यावर सीडीचा थर. त्यावर २००१च्या आयपॉडचा. खिशात हजार गाणी मावायला लागली, पण पिन तीच राहिली, म्हणून काकांनी आयपॉडला मनापासून आशीर्वाद दिला. मग २०१६ साली आयफोननं भोकच बुजवलं. त्या दिवशी काकांनी पिशवी मांडीवर घेतली आणि बराच वेळ नुसते बसून राहिले. पुढं इतर कंपन्याही त्याच वाटेनं गेल्या. आता सर्वांत वरच्या थरात बोटभर लांबीचे कन्व्हर्टर असतात. काका ते औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवतात, कारण ते हरवतात. भोक कधी हरवत नव्हतं.

काकांचे काही नियम आहेत. पहिला: फोनचा आवाज पाऊण. पूर्ण ठेवला तर गाणं फाटण्याची भीती. फारच कमी ठेवला तर मिक्सरवर गेन चढवावा लागतो आणि गाण्याबरोबर खरखरही बाळसं धरते. दुसरा: वायर लावताना फेडर खाली. नाहीतर ‘धाड्’ असा आवाज होतो आणि पहिल्या रांगेतले आजोबा छातीला हात लावतात. तिसरा: चार्जर काढायचा. मंडपात ‘घुंऽऽ’ सुरू झालं की साउंडवाला स्पीकर बडवतो, सेक्रेटरी जनरेटरवाल्याला फोन लावतात. काका एक शब्द न बोलता मोबाइलचा चार्जर उपटतात. घुं थांबतं.

“काका, चारच टक्के बॅटरी आहे हो!” नाच बसवणाऱ्या ताई कळवळतात.

“गाणं साडेतीन मिनिटांचं आहे,” काका सांगतात.

चौथा नियम ‘विमान’. फोन एअरप्लेन मोडवर टाकल्याशिवाय ते त्याला पिन लावत नाहीत. कारण एका वर्षी राज्याभिषेकाच्या प्रसंगात, महाराज सिंहासनाची पायरी चढत असताना, तुतारीच्या जागी रिंगटोन वाजली. घाबरून कुणीतरी फोन बंद करण्याऐवजी उचलला. मग भर दरबारात आकाशवाणी झाली: “अगं, डाळ भिजत घातलीस का?” महाराज पायरीवरच थबकले. अष्टप्रधानांपैकी दोघांनी नकळत मान डोलावली.

काकांचा हाडवैरी म्हणजे ब्लूटूथ. सेक्रेटरींच्या भाच्यानं एकदा जाहीर केलं, “काका, वायरचा जमाना गेला.” गाणं सुरूही झालं, छान चाललं. मग भाचा फोन खिशात घालून वडापाव आणायला निघाला. गेटपाशी पोचेपर्यंत गाणं आचके द्यायला लागलं आणि चौकात गेल्यावर गेलं. स्टेजवर पाच मुली हात वर करून उभ्या. काका शांतपणे वायर सोडवत म्हणाले, “दाव्याला बांधलेली गाय गोठ्यात राहते.”

पण काकांची खरी थोरवी कळली ती गेल्या वर्षी. बी विंगच्या मुलींची लावणी होती. साउंडवाला पोरगा नवा, घाईतला. त्यानं ताईंच्या फोनची वायर घेतली, तिच्या टोकाला एक जाड कन्व्हर्टर लावला आणि मिक्सरच्या एका भोकात खुपसली. ढोलकी वाजली, पेटी वाजली. शब्द यायची वेळ झाली, मुलींनी पदर धरला आणि शब्द आलेच नाहीत. लांब कुठूनतरी, खोल, एक बाई गातेय असा नुसता भास.

“डाउनलोडच खराब आहे,” एक जण म्हणाला. “स्पीकर उडाला,” दुसरा. “नेट स्लो असेल,” सेक्रेटरी म्हणाले. गाणं फोनमध्येच होतं, पण सेक्रेटरींचं निदान कधी बदलत नाही.

काकांनी डोळे मिटले, नाडी बघावी तसं क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, “बाई विहिरीत पडलीये.”

त्यांनी पिशवीतून एक वायर काढली, एका टोकाला ईपी, दुसऱ्या टोकाला दोन पी-३८. एक पिन एका चॅनलमध्ये, दुसरी शेजारच्या. बाई विहिरीतून बाहेर आली आणि थेट स्टेजवर उभी राहून गायला लागली. टाळ्या पडल्या. मुलींना वाटलं, त्यांना.

नंतर काकांनी पोराला शेजारी बसवून सांगितलं, “बाळा, फोनमधून दोन आवाज येतात, डावा आणि उजवा. तू खुपसलंस त्या भोकाला वाटतं, एकाच आवाजाची सुलटी आणि उलटी बाजू आलीये. म्हणून ते एकातून दुसरं वजा करतं. तारेत शिरलेली खरखर मारायची ती युक्ती असते. आता ढोलकी डावीकडे जरा जास्त, पेटी उजवीकडे, त्यामुळे ती उरतात. गाणारी बाई असते बरोब्बर मधे, दोन्हीकडे सारखी. सारख्यातून सारखं गेलं की बाकी काय?”

“शून्य,” पोरगा म्हणाला.

“वार्षिक सभेत माझंही असंच होतं,” मागून एक सभासद पुटपुटले. ते कायम दोन्ही गटांच्या मधे बसतात.

शेवटी आभारप्रदर्शन झालं. एका बाजूला फोन ज्यांचा त्या ताई, त्यांना श्रीफळ. दुसऱ्या बाजूला मिक्सर ज्याचा तो पोरगा, त्याला पाकीट. मधे काका उभे होते, बरोब्बर मधे. सेक्रेटरींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि दहा वाजत आल्यामुळे माइक बंद केला.

काकांना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यांचं लक्षच नव्हतं. ते सतरंजीवर बसून पिना मोजत होते. एक ईपी ते दोन पी-३८, काळी वायर, मध्यावर निळी चिकटपट्टी, ती एक कमी भरली. ती अजून मिळालेली नाही आणि गणपती तोंडावर आलेत. कुणाच्या घरी चुकून गेली असेल तर कृपया सी विंग, तळमजला, इथे आणून द्यावी. चहा मिळेल. मात्र तिला जॅक म्हणू नये.