कलमकाका

आमच्या जयपूरच्या सोडाल्यात सकाळी सात वाजता तुमच्या फाटकाशी सत्तरीचा एक गृहस्थ मान वर करून उभा दिसला, तर घाबरू नका. तो चोर नाही, वसुलीवाला नाही, मतं मागायलाही आलेला नाही. तो तुमच्या बोराच्या झाडाकडे बघतोय. थोड्या वेळाने तो घंटी वाजवेल आणि स्वतःचं नावगाव न सांगता विचारेल, "यह देशी है ना?" तुम्ही हो म्हणालात की कारभार आटोपला. पुढच्या पावसाळ्यापासून ते झाड तुमचं नाही.

ही एका माणसाची गोष्ट नव्हे, ही जातच आहे. चार माणसं फळझाडांच्या निमित्ताने एकत्र आली की त्यांत एक कलमकाका निघतोच. कोथरूडला तो बंगल्यामागच्या चार फुटी बोळात अंजीर लावतो, डोंबिवलीला खिडकीच्या जाळीत चिकू अडकवतो. माझ्या वाट्याला सोडाल्याचा आला, म्हणून त्याच्याबद्दल लिहितो.

आमचे काका मूळचे भुसावळचे. रेल्वेत होते. जयपूर विभाग तेव्हा पश्चिम रेल्वेत होता आणि मोठे साहेब चर्चगेटला बसत, त्यामुळे मराठी माणसं बदली होऊन इकडे येत आणि रडतखडत परत जात. 1 ऑक्टोबर 2002 ला उत्तर पश्चिम रेल्वे झाली, मुख्यालयच जयपुरात आलं. काका म्हणतात, "मुख्यालय माझ्याकडे आलं, मग मी कशाला जाऊ?" खरं कारण वेगळं होतं. गच्चीवर लावलेल्या डाळिंबाने त्या वर्षी पहिल्यांदा फूल दाखवलं होतं.

काकांच्या डाव्या खिशात सरस दुधाच्या पिशव्या कापून केलेल्या पट्ट्या आणि उजव्या खिशात कलमाचा चाकू असतो. लग्नाला जातानाही हे सामान बरोबर. एकदा एका रिसेप्शनला वधूवरांशी हस्तांदोलन करून ते गायब झाले, ते कार्यालयामागच्या पेरूवर सापडले. फक्त मेट्रोने जाताना चाकू घरी ठेवावा लागतो, कारण स्टेशनवर तपासणी होते. काकांना मात्र मेट्रोबद्दल अपार प्रेम. जयपूर मेट्रो 3 जून 2015 ला सुरू झाली ती लोकांच्या सोयीसाठी, असा सरकारचा समज आहे. काकांच्या मते ती गच्च्यांच्या पाहणीसाठी सुरू झाली. श्यामनगर ते रामनगर गाडी उंचावरून जाते, दोन्ही अंगांची घरं खाली पसरलेली दिसतात, आणि काका काचेला नाक लावून टिपणं काढतात: 'निळी टाकी, लिंबू, रोगट.' 'पिवळी भिंत, सीताफळ, छाटणी नाही.' सिंधी कॅम्पला उतरून परतीची गाडी धरतात. पुढे चांदपोलला मेट्रो जमिनीखाली जाते. तिथे नुसती मुळं, पाहायचं काय?

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काकांच्या गच्चीवर आमची बैठक भरते. आम्ही सातआठ जण. निवृत्त कर्नलसाहेब, एक वकीलसाहेब, एक बँकवाले आणि एक मास्तरीणबाई, ज्यांच्या अंगणातल्या गुंद्याच्या म्हणजे आपल्या भोकराच्या लोणच्यावर अर्धा सोडाला जेवतो. राहिलेले माझ्यासारखे, ज्यांच्या भाड्याच्या घरात झाड होतं म्हणून ओढले गेलेले. गटाला नाव नाही. ठेवायचं एकदा ठरलं होतं, पण अडीच तासांत 'फल' की 'फळ' एवढंच ठरलं नाही.

काकांचं दैवत श्री. अ. दाभोलकर. द्राक्षाच्या मळ्यांतून शेतकऱ्यांना एकत्र बसवून, प्रत्येकाला स्वतःच्या झाडाचा अभ्यासक करून सोडणारे 'प्रयोग परिवार'वाले. काका त्यांचं नाव घेऊन बैठक सुरू करतात. तिथे कुणी गुरू नव्हता आणि कुणी चेला नव्हता, सगळेच सांगायचे, सगळेच ऐकायचे. आमच्याकडे यातला पहिला अर्धा भाग काका करतात आणि दुसरा आम्ही. मध्ये कर्नलसाहेबांनी तोंड उघडलं तर काका लगेच, "कर्नलसाब, पहले यह बताइए, आपने ताण दिया था?" ताण म्हणजे बहार धरण्याआधी झाडाचं पाणी तोडणं. हा शब्द काकांनी हिंदीत तसाच नेलाय आणि जयपूरकरांनी तो बिनतक्रार घेतलाय. काकू आतून पुटपुटतात, "झाडाला द्यावा लागतो. आम्हाला आपोआप मिळतो."

खरं सांगायचं तर निम्मी मंडळी काकूंच्या साबुदाण्याच्या खिचडीसाठी येतात. सोडाला मंडीतून येताना कुणीतरी प्याज कचोरी आणतो, ती काका बाजूला सारतात, कारण तेलकट हाताने काडी धरली की जोड पकडत नाही. ती बाजूला सारलेली कचोरी पुढे कुठे जाते हे बँकवाल्यांच्या मिशा पाहिल्या की कळतं.

जुलैची बैठक सर्वांत मोठी. पाऊस पडून गेलेला, साल सुटू लागलेली, बोराचे डोळे भरायचे दिवस. जो तो ओल्या फडक्यात काड्या गुंडाळून आणतो आणि अदलाबदल होते. चोमूकडची गोला, सेब, उमरान. कर्नलसाहेब बिकानेरच्या कोरडवाहू फळसंशोधन संस्थेची 'थार शोभा' घेऊन येतात. ही खेजडीची जात. सांगरीची भाजी खाणाऱ्या या प्रदेशात खेजडीला राज्यवृक्षाचा मान आहे, त्यामुळे कर्नलसाहेब ती काडी जवळजवळ सलाम ठोकूनच काढतात. काका प्रत्येक काडीवर मार्करने नाव घालतात. पहिल्या सरीत नाव धुऊन जातं. मग चार वर्षांनी फळ धरलं की बारसं नव्याने. मास्तरीणबाईंचा 'लखनौ 49' पेरू आतून लालभडक निघाला तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "असतं कधीकधी." लखनौ 49 पांढराच असतो, पण बोलायचं कोणी? उलट आम्हालाच ऐकावं लागलं की लखनौ 49 हा मुळात लखनौचा नाहीच. बी लखनौचं, पण निवड 1927 साली पुण्याला गणेशखिंडीच्या बागेत चीमासाहेब नावाच्या फळतज्ज्ञांनी केली. नाव उत्तरेचं, कर्तृत्व पुण्याचं. हे वाक्य काका दर जुलैला म्हणतात आणि जयपूरकर दर जुलैला हसून सोडून देतात.

आता चौथाई. काकांनी तुमच्या झाडावर कलम बांधलं की त्याच्या फळाचा चौथा हिस्सा काकांचा. रेल्वेतल्यासारखं एक जाड रजिस्टर आहे, त्यात घर, झाड, जात, बांधणीची तारीख आणि येणं. वकीलसाहेबांनी एकदा विचारलं, हा हक्क कोणत्या कायद्याने? काकांनी 1787 काढलं. त्या साली जयपूरजवळ तुंग्याला महादजी शिंदे आणि जयपूर-जोधपूरच्या फौजा भिडल्या होत्या, थकलेल्या खंडणीवरून. "तब का बाकी है," काका म्हणाले. कर्नलसाहेब म्हणाले, ती लढाई आम्ही जिंकली होती. काका म्हणाले, शिंदे माघारी गेले, हरले नाहीत. तो रविवार खिचडीशिवाय गेला.

मीही बळी आहे. माझ्या घरमालकांच्या अंगणात देशी बोर होतं. आंबटचिंबट, बारीक, पण पोरं खायची. मी दोन दिवस बाहेरगावी गेलो आणि परत आलो तर गुडघ्याएवढा बुंधा उभा. शेजारी चिठ्ठी: 'घाबरू नये. फुटवे आल्यावर डोळे भरेन.' घरमालकांचे डोळे त्याआधीच भरून आले होते. पण तिसऱ्या हिवाळ्यात अंड्याएवढी उमरान लागली, आणि तेच घरमालक आता काकांना 'काकासा' म्हणून पाटावर बसवतात. हाच काकांचा वैताग आहे. दहाच्या दहा ठिकाणी चुकले तर त्यांच्या नावाने शिमगा करता येईल, पण ते दहांतल्या आठ ठिकाणी बरोबर येतात.

संक्रांतीला जयपूरच्या गच्च्यांवर पतंगवाले चढतात आणि काका ड्रमांभोवती काठी घेऊन फिरतात. मांजा आंब्याच्या शेंड्याला अडकला तर सगळा मोहोर गेला. त्याच दिवसांत मराठी घरांत बोरन्हाण निघतं. बोरं काका पुरवतात, स्वतःच्या हाताने बाळाच्या डोक्यावर ओततात आणि मग बायका हळदीकुंकवाला बसलेल्या असताना जमिनीवर रांगून ती परत वेचतात. बाळांबरोबर. गोला वेगळी, सेब वेगळी.

आणि हापूस. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या मागे कोकणात आंब्याची बाग आहे, अशी इथल्या लोकांची पक्की समजूत आहे. भुसावळच्या माणसाला केळीबद्दल कोणी विचारत नाही. काकांनी कोकण पाहिलंय ते गाडीच्या खिडकीतून, तरी पस्तीस वर्षं दर मेमध्ये "हापूस कब खिला रहे हैं?" ऐकून ऐकून त्यांनी शेवटी भाच्याकरवी दापोलीहून हापूसचं कलम मागवलंच. अर्धा कापलेला निळा ड्रम, शेणखत, निंबोळी पेंड, थंडीत काकूंची शाल, लू सुटली की हिरवी जाळी. बिसलपूर धरणाच्या पाण्याचा पहिला तांब्या देवाला नाही, हापूसला.

मधल्या काळात बँकवाल्यांनी 'सदाबहार' आणला. कोटा जिल्ह्यातल्या श्रीकिशन सुमन या शेतकऱ्याने शोधलेली ही आंब्याची ठेंगणी जात, कुंडीत येते आणि वर्षभर फळते. बँकवाल्यांकडे दुसऱ्याच वर्षी आंबे. काकांनी एक फोड खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आम है." यापेक्षा कडक निकाल मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही.

सहाव्या वर्षी हापूसला कैऱ्या धरल्या. अकरा. आंधी आली, चार राहिल्या. फळगळीत तीन गेल्या, एक उरली. तिला काकूंच्या कांद्याच्या जाळीची पिशवी बांधली. जूनच्या बैठकीला कापायची ठरली आणि मेच्या बैठकीला वकीलसाहेबांनी खोडा घातला. म्हणाले, याला हापूस म्हणता येणार नाही. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, एवढ्याच जिल्ह्यांतला तो हापूस. त्यांत सोडाला नाही. काका उभेच राहिले. लखनौ 49 चा दाखला देऊन झाला. पण वकीलसाहेब हटेनात. शेवटी इतिवृत्तात 'एक आम (विवादित)' अशी नोंद झाली.

जूनचा पहिला रविवार. सातच्या आधीच सगळे हजर, कर्नलसाहेब तर कोट घालून. काका सुरी, ताटली, रुमाल घेऊन ड्रमाकडे गेले आणि तिथेच थांबले. जाळी फाटलेली. पोपट वरच्या टाकीवर बसून चोच पुसत होता. देठाला आंबा होता, म्हणजे आंब्यातला जो काय उरला होता तो.

कोणी काही बोलेना. काकूंनी जवळ येऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "घ्या. तुमची चौथाई ठेवलीय त्याने."

काकांनी तेवढा तुकडा तोडला, धुतला, चोचीची बाजू छाटली आणि उरलेल्यावर सुरी फिरवली. आत कोयीलगत पांढुरका, स्पंजासारखा गर. बँकवाल्यांनी हळूच विचारलं, "खराब निकला?" काकांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला.

"साका!" काका ओरडले. "साका है! देखिए वकीलसाब!"

मग अर्धा तास साका. बाहेरून सोन्यासारखं दिसणारं फळ आतून असं फसवतं, ही हापूसची जुनी खोड. परदेशी पाठवलेला माल याच्यापायी परत आलेला आहे. ही खोड नको म्हणून तर दापोलीवाल्यांनी नीलम आणि हापूसचा संकर करून 1981 ला 'रत्ना' काढला, त्यात साका नाही. "सदाबहारमें निकलता है क्या? नहीं ना? साका निकला, मतलब असली हापूस!" वकीलसाहेब बराच वेळ ताटलीकडे पाहत राहिले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने इतिवृत्तातला 'विवादित' खोडला. तो तुकडा आम्ही आठ जणांनी खाल्ला. आंबट होता. खिचडी चांगली झाली होती.

पोपटाकडे तीन हिस्से येणं आहे, असं रजिस्टरमध्ये लिहिलंय.

आता पाऊस तोंडावर आलाय. काकांनी कालच मेट्रोतून एक नवं झाड हेरलंय, रामनगर स्टेशनच्या अलीकडे, डाव्या हाताला, हिरवी टाकी. ते घर तुमचं असेल, तर जुलैभर फाटकाला कुलूप लावा आणि बाहेरगावी मुळीच जाऊ नका.