पंपवाले काका

‘यांचा पंप बंद पडलाय,’ असं ही जिन्यात कुणाला तरी म्हणाली आणि वरच्या मजल्यावर लगेच बादल्या भरायला सुरुवात झाली. सोसायटीत पंप म्हणजे टाकीचाच. माझा कमरेच्या पिशवीत मावतो. त्यातून अपोमॉर्फिन नावाचं औषध बारीक नळीने पोटाच्या कातडीखाली दिवसभर जात राहतं.

मला कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स. आधी त्यावर नुसत्या लेवोडोपाच्या गोळ्या होत्या. गोळी म्हणजे पाटाचं पाणी. आलं की रान चिंब, हातपाय नको तितके नाचणार. ओसरलं की सगळं ठणठणीत कोरडं. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसमोर मी थिजून उभा राहायचो. भाजीवालीला वाटायचं, काका भावावर अडलेत. बिचारी आपणहून दोन रुपये कमी करायची. पंप म्हणजे ठिबक. आता मी जुडी उचलून चालू लागतो, पण पूर्ण भाव मोजून!

नावात मॉर्फिन असलं तरी नशेचं नाव नको. उलट ओकारी येते. पूर्वी विषबाधा झालेल्याला ओकवायला हेच टोचत. म्हणून सुरुवातीला डोमपेरिडोनची गोळी आधी पोटात, मग सुई.

सुई रोज नव्या जागी, नाहीतर गाठी होतात. ही बोटांनी पोट चाचपत ‘इथे नको, इथली अजून जिरली नाही’ म्हणत सरकत राहते, तोवर माझा चहा निवतो. औषध सांडलं तर हवेने हिरवं पडतं आणि तो डाग कुठल्याच साबणाला दाद देत नाही. इस्त्रीवाल्याने विचारलंच, ‘काका, घरी रंगकाम काढलंय का?’ औषधाच्या बिलाविषयी लिहीत नाही. ललित लेखात रडू नये.

पंपाने रोग जात नाही. गोळ्या कमी झाल्या, सुटल्या नाहीत. अक्षर मुंगीएवढंच आहे. रात्री पंप काढला की कूस बदलायलाही हिला हाक मारावी लागते. पण दुपारी नाटकाची तिकिटं काढताना गोळीची वेळ आठवावी लागत नाही, हे काय थोडं आहे?

तक्रार एकच. नळी दिसली की लोक मधुमेह ठरवून मोकळे होतात. परवा एका मुंजीत ‘काकांना नको हं’ म्हणत जिलबीचं ताट माझ्यासमोरून पुढे गेलं. तरी समस्त वाढप्यांना नम्र विनंती : माझी साखर उत्तम आहे, वाढत चला.