प्लॅनिंगवाले साहेब

हिंजवडी-वाकडकडे टॉवर क्रेन दिसली, की तिच्या पायथ्याशी पत्र्याचा एक कंटेनर असतोच, आणि त्यात साइटवरच्या एकुलत्या एक एसीखाली प्लॅनिंगवाले साहेब बसलेले असतात. एसी संगणकासाठी आहे, असं ते आल्यागेल्याला आपणहून सांगतात.

साहेबांची इमारत केव्हाच पुरी झाली आहे. बाहेर ती सातव्या मजल्यावर अडली आहे खरी, पण तो साइटवाल्यांचा प्रश्न. संगणकावरच्या प्रायमाव्हेरा या प्लॅनिंग सॉफ्टवेअरात तिला रंग लागलाय, लिफ्ट बसलीय, फ्लॅटचे ताबेसुद्धा देऊन झालेत. हजारो कामं एकमेकांच्या शेपट्या धरून उभी. एक लांबलं की पुढे कुणाकुणाचं कंबरडं मोडणार, ते लाल रेघेत दिसतं. क्रिटिकल पाथची ही युक्ती १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँटच्या कारखान्यांसाठी निघाली, हे साहेब नव्या ट्रेनीला पहिल्याच दिवशी ऐकवतात. ड्यूपाँटकडे छठला गावी पळणारे बारबेंडर नव्हते, हे ट्रेनीला दिवाळीनंतर आपोआप कळतं.

साहेब अगदीच पुस्तकी नाहीत हं. त्यांच्या कॅलेंडरात अमावस्येला स्लॅब नसतो. खर्चाला तर ते फार कडक. सळईच्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरमागे किती किलो ते झोपेतही सांगतील. काट्याच्या पावतीवरचे टन आणि ड्रॉइंगमधून निघालेले टन यांच्यात तीन टक्क्यांवर फरक दिसला, की स्वारी भंगाराच्या ढिगाला प्रदक्षिणा घालते. बाइंडिंग वायरच्या एका बंडलासाठी त्यांनी मेलवर मेल धाडले. शेवटी वायर सापडली. तिच्यावर वॉचमनची लुंगी वाळत होती.

उशिराचं मात्र त्यांना दुःख नसतं. नोंदवला की उशीर मिटला. सोमवारच्या मीटिंगला नवी बेसलाइन येते, अकरावी किंवा बारावी, आणि तिच्यात सगळं पुन्हा वेळेवर.

मुकादम सेंटरिंगकडे एक नजर टाकून म्हणतो, "परवा दुपारी." बहुतेक वेळा परवा दुपारीच होतं. पण मुकादमाच्या नजरेचा प्रिंटआउट निघत नाही, आणि बँक पुढचा हप्ता सोडते ती प्रिंटआउट बघूनच. म्हणून एसी साहेबांना.

परवा अघटित घडलं. एक तारखेला धरलेला आठवा स्लॅब एकोणतीसलाच पडला. मुकादम पेढे घेऊन कंटेनरमध्ये शिरला.

"कुणाला विचारून टाकला?" साहेब कडाडले.

"साहेब, लवकर झाला की!"

"तेच म्हणतोय! रेडीमिक्स काँक्रीटचं बिल मी पुढच्या महिन्यात धरलंय. या महिन्याच्या कॅश फ्लोचं काय करू?"

"मग फोडू का?"

साहेबांनी उत्तर देण्याआधी एकदा स्क्रीनकडे बघून घेतलं.