कुंभकोणमला न्यायच्या चेहऱ्यासाठी सूचना

हे मार्गदर्शन तमिळनाडूतल्या कुंभकोणमला बदली झालेल्या मराठी नोकरदारांसाठी आहे. सामान बांधून झालं आहे, मुलांचे शाळेचे दाखले पिशवीत आहेत आणि निघताना आत्याबाईंनी "तिकडे जाऊन काळे ठिक्कर पडाल हो" असा आशीर्वाद दिला आहे, असं आम्ही गृहीत धरतो. त्वचेबद्दल तुम्हाला काहीच माहीत नसेल तर उत्तमच. थोडंसं माहीत असलेल्यांना शिकवणं फार जड जातं.

पायरी पहिली : रीतसर घाबरा

कुंभकोणम अकराव्या अक्षांशाच्या किंचित खाली आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या अखेरीकडे, असा वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि विजेच्या खांबाची सावली खांबाखालीच शिरते. हे मुंबईतही घडतं, पण तिथली दुसरी खेप जुलैअखेरच्या ढगांत वाया जाते. इथला मोठा पाऊस ऑक्टोबरनंतर येतो, त्यामुळे ऑगस्टमध्येही ऊन पुरेपूर वसूल होतं.

तर रंग थोडा गडद होणार, हे आत्याबाईंचं खरं. फक्त मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य त्वचा स्वतःच्या बचावासाठी बनवते, आणि आत्याबाई त्यालाच आजार समजतात. नवशिक्याने आत्याबाईंची बाजू घ्यावी आणि गोरं करणारं क्रीम आणावं. देशात ही सोय जुनी आहे. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये आली. १९९८ मध्ये चेन्नईच्या केव्हिनकेअरने केशर आणि दुधाची जाहिरात करत 'फेअरएव्हर' आणली. २०२० मध्ये 'फेअर'चं 'ग्लो' झालं. ट्यूबवरचं नाव बदललं, आत्याबाई आहेत तिथेच आहेत.

मराठी माणसाने इथे इतकं घाबरायचं खरं तर कारण नाही. तंजावरला मराठी राज्य स्थापणाऱ्या व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्यामागून आलेल्या मराठी घराण्यांचे वंशज आजही या भागात आहेत. लोक त्यांना रायर म्हणतात. त्यांच्यातलेच सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. इथलं ऊन त्यांच्या आड आलं नाही.

पायरी दुसरी : सल्ला गोळा करा

यासाठी घराबाहेर पडावं लागत नाही. शेजारच्या मामी येतीलच. पितळी डवऱ्यातून फेसाळ डिग्री कॉफी समोर ठेवतील आणि तुमच्या मुलीला सांगतील की लहान मुलींनी कॉफी पिऊ नये, रंग काळा होतो. (आपल्याकडे हेच चहाबद्दल सांगतात. दोन्हीकडच्या आयांना दूध-साखर वाचवायची असावी, असा आमचा संशय आहे.) कॉफीचा रंग पोटातून गालावर चढत नाही. ती निःशंक प्या.

मग पुढचे सल्ले सुरू होतील : हळद लावा, हिरव्या मुगाचं पीठ लावा, लिंबू चोळा, खोबरेल थापा, विड्याचं पान वाटून लावा. इथे नवशिक्याला एकच नियम देतो आणि तो पाठ करावा. जी वस्तू कुंभकोणममध्ये ताटात चांगली लागते, ती ताटातच राहू द्यावी.

लिंबाचंच घ्या. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, तिचा पीएच साधारण पाच. लिंबाच्या रसाचा दोन-अडीच. हा रस लावून उन्हात गेलात की त्यातली द्रव्यं अतिनील किरणांबरोबर मिळून त्वचा भाजतात, आणि जे काळपट चट्टे उठतात ते महिनोन्महिने जात नाहीत. गोरं व्हायला निघालेला माणूस ठिपकेदार होऊन परततो. तेच लिंबू भातावर पिळा, कोणाची तक्रार येणार नाही.

विड्याच्या पानाचं प्रकरण अधिक गंभीर आहे. कुंभकोणमचं पान नामांकित, जेवणानंतर त्याला तोड नाही. पण तैवानमध्ये काही बायकांनी वांग घालवायला वाफवलेली विड्याची पानं चेहऱ्यावर ठेवली, आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याची नोंद केली आहे. आधी त्वचा उजळली, मग आनंद ओसरला आणि चेहऱ्यावर पांढरे-काळे ठिपके राहिले. पानातली फिनॉल जातीची रसायनं रंगपेशींनाच इजा करतात. 'नैसर्गिक आहे, त्रास कसा होईल?' असं विचारणाऱ्याला हे उदाहरण द्यावं. खाजखुजलीसुद्धा नैसर्गिकच आहे.

हळदीबद्दल लिहिताना हात जरा आखडतो, कारण ती आपल्या लग्नात आहे आणि इथल्या न्हाणीघरातही. देशी औषधांच्या दुकानात, म्हणजे नाट्टु मरुंदु कडैमध्ये, कस्तुरी मंजळ (म्हणजे कस्तुरी हळद), वाळा, आवारमची (तरवडाची) फुलं असं सगळं सुवासिक मिळतं आणि अर्धा तास तिथे नुसतं उभं राहावंसं वाटतं. हळदीतलं करक्युमिन प्रयोगशाळेत दाह कमी करताना दिसतं, हे खरं. चेहऱ्यावर मात्र ते मुख्यतः पिवळा रंग चढवतं, आणि काहींना पुरळही आणतं. सणाला लावा, हौसेने लावा. औषध म्हणून तिच्यावर विसंबू नका. दिवाळीच्या पहाटेचं उटणं किंवा इथलं तिळाचं तेल यांनाही हाच न्याय : न्हायला छान, पण मुरुमं असतील तर तेल चेहऱ्यापासून लांब. खोबरेल तर छिद्रं बुजवण्यात पटाईत आहे.

वाफ घेतल्याने छिद्रं उघडतात आणि बर्फाने मिटतात, असंही मामी सांगतील. त्वचेच्या छिद्राला स्नायू नसतो. ते दार नव्हे.

मामींचा सल्ला मोडून काढायचा सभ्य मार्ग चाळीस किलोमीटरवर तंजावरला आहे. दोनशे वर्षांपूर्वी दुसऱ्या सरफोजीराजांनी डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं चित्रांसकट ठेवली. ती सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. राजाला वाटलं की उपाय केला तर रोग्याचं काय झालं हेही लिहून ठेवावं. तेव्हा मामींना नम्रपणे विचारा : किती जणींना लावलंत, किती बऱ्या झाल्या, कितींची आग झाली? दुसऱ्या कॉफीचा आग्रह बहुधा इथेच थांबेल.

पायरी तिसरी : औषधाच्या दुकानात जाऊ नका

म्हणजे गोरेपणाची ट्यूब मागायला जाऊ नका. काउंटरवरून सरकवलेल्या काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. आठवड्यात चेहरा चमकतो, काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि क्रीम थांबवलं की आग होते म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतात. काही बिननावी क्रीममध्ये पारा असतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये गोरेपणाची क्रीम लावणाऱ्यांच्या मूत्रपिंडावर परिणाम झाल्याचं डॉक्टरांना आढळलं. गालासाठी मूत्रपिंड, हा सौदा आत्याबाईंनाही पटू नये.

पायरी चौथी : खरा दिनक्रम (निराशा होईल)

सकाळी साध्या पाण्याने किंवा सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा. इथल्या दमट हवेत हलकं, जेलसारखं मॉइश्चरायझर पुरतं. दिवसभर एसीत बसणाऱ्यांनी ते टाळू नये. मग सनस्क्रीन. एसपीएफ ३० असलेलं सनस्क्रीन नीट लावलं तर त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० वालं ९८ टक्के. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा पुरेसं लावा : तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर भरून ओढलेली रेघ, चेहरा आणि मान मिळून. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. 'आम्ही सावळे, आम्हाला कशाला?' असं म्हणू नका. वांग सावळ्या त्वचेवरच जास्त हटवादी असतो, आणि नुसत्या उजेडानेही तो गडद होतो. वांग असेल तर आयर्न ऑक्साइडचं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्या. आणि छत्री. तमिळनाडूत ऊन पडलं म्हणून छत्री उघडणाऱ्याला कोणी हसत नाही. आपण ही लाज पुण्या-मुंबईतच सोडून यावी.

रात्री चेहरा धुवा, मॉइश्चरायझर लावा, झोपा. पापं धुवायला महामहम कुंड आहे, पण तिथल्या मोठ्या स्नानाचा योग बारा वर्षांनी येतो : मागचा फेब्रुवारी २०१६ मध्ये होता, पुढचा २०२८ मध्ये. सनस्क्रीन तोवर ठेवू नये.

मुरुमं असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा अडॅपेलीन यांपैकी एकच औषध, डॉक्टरांना विचारून, थोडं थोडं सुरू करा. गरोदरपणी अडॅपेलीन नको. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी आरशात पाहून औषध बदलणारे लोक कायम नवशिकेच राहतात.

एवढंच. याला रुखवताचा थाट नाही, वाटण नाही, केशर नाही, आणि चार बायकांत सांगण्यासारखंही काही नाही. लोकांना हा दिनक्रम आवडत नाही तो यामुळेच.

कपाळावर चिकटवायच्या टिकलीखाली पांढरा डाग दिसू लागला तर तिच्या गोंदातलं रसायन बाधतंय असं समजा आणि ती त्याच दिवशी सोडा. नवं काहीही चेहऱ्याला लावण्याआधी चार दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. आणि खाज, आग किंवा डाग दोन आठवड्यांत गेला नाही तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, मामींना मागाहून सांगा.