बेसिनचा पंचनामा

रेडिंग, इंग्लंड

ती. आई-बाबांस,


आई, तुम्ही दोघं सप्टेंबरात परत गेलात आणि नोव्हेंबरात वरच्या मजल्यावरचं बेसिन तुंबलं. या दोन घटनांचा संबंध आहे, असं तुझ्या जावयाने त्याच रात्री जाहीर केलं. घरात हजर नसलेल्या माणसावर खापर फोडणं सगळ्यात सोयीचं. ते फुटलं तुझ्या खोबरेल तेलावर.

इथे बेसिन तुंबणं ही साधी गोष्ट नाही. इथल्या बाथरूमला जमिनीत जाळीच नसते, हे तुम्ही पाहिलंयच. (बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “मग फरशी धुवायची कशी?” धुवायची नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.) आपल्याकडे पाणी वाहिलं तर मोरीत जातं. इथे ते लाकडी फळ्यांतून झिरपून थेट खालच्या सोफ्यावर उतरतं. बाबा, पावसाळ्यात तुम्ही फोनवर आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी सांगता ना, तसा अर्णव दात घासता घासता बेसिनची सांगू लागला. “इशारा पातळी ओलांडली!” काठाखाली जादा पाण्यासाठी भोक असतं, त्याचा मला मोठा आधार वाटायचा. पण ते बुचाच्या खाली आणि ट्रॅपच्या (बेसिनखालच्या वाकड्या नळीच्या) वर येऊन मिळतं. म्हणजे ट्रॅप तुंबला की ते केवळ शोभेला.

निखिलने आधी बेकिंग सोडा ओतला, त्यावर व्हिनेगर. फेस उसळला, आवाज झाला, जावईबापू कृतकृत्य झाले. पाणी होतं तिथेच. सईला सध्या रसायनशास्त्राचा फार तोरा आहे. ती म्हणाली, “एक आम्ल, एक आम्लारी. दोघांनी एकमेकांचा जोर मारला. बाबा, तू बेसिनला कोशिंबीर घातलीस.” मग तो दुकानातून नळी साफ करायच्या औषधाची बाटली घेऊन आला. ती मी हातातून काढून घेतली. त्यात कॉस्टिक सोडा असतो. तो केस आणि तेलकटपणा खातो खरा, पण तुंबलेल्या पाण्यात तसाच साचून राहिला तर पुढे ट्रॅप उघडणाऱ्याच्या हातावर येतो. ट्रॅप उघडणारी या घरात कोण, हे बाटली आणणाऱ्याला ठाऊक होतं. प्लंबर म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू.

तेव्हा शनिवारी मीच पदर खोचला, म्हणजे हातमोजे घातले. बेसिनखाली बादली लावली आणि प्लॅस्टिकचा ट्रॅप हाताने फिरवून सोडवला. अर्णव मोबाइल घेऊन शेजारी बसला होता, मदत म्हणून. नळी वाकवून तिच्यात पाणी अडवायचं आणि गटाराचा वास घरात येऊ द्यायचा नाही, ही युक्ती संडासाच्या भांड्यासाठी १७७५ साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने पेटंट केली, असं त्याने वाचून दाखवलं. बेसिनच्या ट्रॅपमध्ये हे पाणी इथल्या नियमाने ७५ मिलिमीटर हवं. आमच्यात पाणी नावालाच होतं, बाकी सगळा मुद्देमाल.

मग रीतसर पंचनामा झाला. लांब काळे केस सईचे. तिने ओळख पटवायला नकार दिला. आखूड, टोचणारे जावईबापूंच्या दाढीचे. घरून काम असलं की आठवडाभर दाढी वाढवायची आणि ऑफिसच्या आदल्या रात्री सगळं पीक एकदम कापायचं. दातांत घालायचा दोरा निघाला, अर्णव गप्प. टूथपेस्टचा राखाडी गाळ निघाला. दात घासायला तिच्यात जी बारीक पूड असते ती विरघळत नाही, तळाशी बसते. मूळ बोळा मात्र ट्रॅपच्याही वर होता. बूच वरखाली करायला नळीत एक आडवी दांडी असते, तिला दोन केस अडकले की पुढचं सगळं त्यांच्या आधाराने मुक्कामाला येतं.

आणि या सगळ्याला धरून एक पांढुरका चिकट थर. निखिल ओरडला, “खोबरेल!”

इथे मी तुझं वकीलपत्र घेतलं, आई. रेडिंगचं पाणी खडूच्या खडकातून येतं. किटली घासून ठेवली तरी चार दिवसांत तिच्यात पांढरा थर धरतो. त्या पाण्यातलं कॅल्शियम साबणाला भेटलं की न विरघळणारी मळी तयार होते. मिरजेच्या मावशीकडे बोअरच्या पाण्याला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला जी बसते, तीच ही. आता लव्हेंडरच्या महागड्या वड्या या घरात कोण आणतं? निखिलने मग २०१७ साली व्हाइटचॅपलच्या गटारात सापडलेल्या चरबीच्या गोळ्याचा दाखला काढला. अडीचशे मीटर लांब, १३० टन वजन, पुढे त्याचा तुकडा लंडनच्या संग्रहालयात मांडला होता. मी म्हटलं, तो तळणीच्या चरबीचा आणि ओल्या वाइप्सचा होता, त्यात सांगलीचं कुणी नव्हतं.

पण तुला साफ निर्दोष सोडता येत नाही. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. सांगलीत ते बहुतेक वर्षभर पातळच वाहून जातं. इथल्या नळीत ऑगस्टातसुद्धा जागच्या जागी बसतं. आणि तू सईची चंपी करून हात धुवायचीस त्याच बेसिनमध्ये. तुझा वाटा रुपयात दोन आणे, असा निकाल लागला. जावईबापूंनी अपील केलंय.

बेसिनच्या भोकावर आता केस अडवायची गाळणी बसवली आहे. ती रोज कुणी साफ करायची यावर चर्चा चालू आहे. तेलाचे हात आधी कागदाला पुसायचे, मग धुवायचे, एवढं मे महिन्यात आलीस की लक्षात ठेव. तेल मात्र जास्तीचं आण. सई इथलं कुठलंच लावून घेत नाही. बाबांना म्हणावं, गुडघ्याचा पट्टा मागवलाय, तोवर जिना कमी करा.

तुमची,
मुक्ता

ता. क. काल रात्री बेसिनमधलं पाणी सोडलं तर शेजारच्या टबातून गुडगुड आवाज आला. निखिल झोपला होता, त्याला अजून सांगितलेलं नाही.