बत्तिशी आणि बॉक्स ४५

कॅनडात माणसाच्या तोंडाची रीतसर वाटणी झालेली आहे. घसा सरकारकडे, जीभ सरकारकडे, टॉन्सिल सरकारकडे. अपघातात जबडा मोडला आणि इस्पितळात नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली, तर तोही सरकारकडे. दात तेवढे कंपनीकडे. १९८४च्या कॅनडा हेल्थ ॲक्टमध्ये दातांच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख आहे, पण ती इस्पितळातच करणं भाग असेल तरच. बाकी दाढ किडली, हिरडी सुजली, रात्रभर गाल धरून येरझारा घातल्या, तर तो तुमचा आणि तुमच्या मालकाचा खासगी मामला. ज्याला मालक नाही, किंवा मालक आहे पण मालकाला दानत नाही, त्याने परवापरवापर्यंत लवंगच चावायची. त्यातल्या मराठी मंडळींपैकी कित्येक जण दाढेचं दुखणं डिसेंबरपर्यंत दाबून धरत आणि भाच्याच्या लग्नाला पुण्यात येत. रूट कॅनाल आधी, आहेर नंतर.

हे आजवर कुणाच्या ध्यानात आलं नाही, असं मुळीच नाही. १९६४ साली न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने निदान मुलांच्या दातांची तरी सरकारने सोय करावी, असं लिहून ठेवलं होतं. सस्कॅचवान प्रांताने १९७४मध्ये शाळांतून दंतपरिचारिका नेमल्या. पोरगं गणिताच्या तासाला उठायचं, दात भरून घ्यायचं आणि भूगोलाच्या तासाला परत बाकावर. १९८७मध्ये तिथल्या सरकारने ही योजना गुंडाळली. इतकं सोपं काही फार दिवस चालू ठेवणं कुठल्याच सरकारला शोभत नाही.

पुढे २०२२ उजाडलं. पंतप्रधान ट्रूडोसाहेबांचं सरकार अल्पमतात होतं आणि जगमीत सिंग यांच्या एनडीपी पक्षाचा पाठिंबा हवा होता. पाठिंब्याच्या बदल्यात काय काय मागतात, हे महाराष्ट्राच्या वाचकांना मी काय सांगणार! सिंगांनी दात मागितले. डिसेंबर २०२३मध्ये ‘कॅनेडियन डेंटल केअर प्लॅन’ची नोंदणी सुरू झाली, आणि पहिला मान कुणाला? ८७ वर्षं आणि त्यापुढच्यांना. ज्यांच्या तोंडात दात उरण्याचा संभव सर्वांत कमी, त्यांच्यापासून श्रीगणेशा. खजिन्याची काळजी घ्यावी ती अशी. १८ ते ६४ वयाच्या उरलेल्या मंडळींचा नंबर थेट २०२५मध्ये लागला.

मुख्य अटी दोन. कुटुंबाचं निव्वळ उत्पन्न वर्षाला ९० हजार डॉलरच्या आत हवं, मग घरात एक तोंड असो की सहा. ७० हजारांच्या खाली असाल तर सरकार आपल्या दराने पूर्ण खर्च देतं. ७० ते ८० हजारांत ४० टक्के तुमचे, ८० ते ९०मध्ये ६० टक्के तुमचे. डॉक्टरने सरकारी दरापेक्षा जास्त लावले, तर वरचे पैसे तुमच्याच खिशातून. इथवर समजतं.

दुसरी अट मात्र खास आहे. कंपनीकडून दातांचा विमा ‘उपलब्ध’ नसला पाहिजे. विमा तुम्ही घेतला का, वापरला का, हप्ता परवडला का, हे कुणी विचारत नाही. उपलब्ध होता की नव्हता, एवढंच. तुमच्या कंपनीत नसेल पण नवऱ्याच्या कंपनीत असेल आणि त्यात तुम्ही बसत असाल, तरी तुम्ही बाद.

ही भिंत का बांधली, तेही उघड आहे. २०२३च्या अर्थसंकल्पाने पाच वर्षांसाठी १३ अब्ज डॉलर धरले होते. भिंत नसती तर देशभरच्या कंपन्यांनी एका रात्रीत आपले विमे गुंडाळून सगळी दातदुखी सरकारच्या दारात आणून टाकली असती. योजना चालवायचं काम ज्या सन लाइफकडे दिलं, तिचा स्वतःचा धंदा कंपन्यांना विमे विकण्याचा. (तीच, जी आपल्याकडे बिर्लांच्या शेजारी नाव लावते.) वाटणीत दोन्ही भावांचा वकील एकच असला की कागदपत्रं झटपट होतात.

माझा पुतण्या कॅनडातल्या ब्रॅम्प्टन शहरात एका गोदामात पगारपत्रकं करतो. त्याच्याकडून मला बॉक्स ४५चं माहात्म्य कळलं. आपल्या फॉर्म सोळासारखा तिकडे टी-४ नावाचा कागद असतो. २०२३पासून त्यात ४५ नंबरचा चौकोन भरणं सक्तीचं झालं. वर्षाच्या ३१ डिसेंबरला कर्मचाऱ्याला दातांची सोय होती का? १ म्हणजे नाही. २ म्हणजे फक्त त्याला. ३ म्हणजे बायकामुलांसकट. ४ म्हणजे जोडीदारासह, ५ म्हणजे मुलांसह. फेब्रुवारी आला की फोर्कलिफ्टवाले त्याच्या टेबलाशी येऊन उभे राहतात.

“काका, लोक म्हणतात, मला एक लाव ना. मी म्हणतो, बाबा, तुला कंपनीचा विमा आहे, तीन आहे. तर म्हणतो, त्या विम्यात मोठ्या कामाला निम्मे पैसे मला भरावे लागतात आणि वर वर्षाची मर्यादा. शेजारच्या गोदामातला तोच पगार घेतो, त्याला विमा नाही, म्हणून सरकार सगळं देतं. मग माझी सवलत काढून घे की.”

नोकराने मालकाच्या दारात उभं राहून सवलत काढून घ्या म्हणावं, हा कामगार चळवळीच्या इतिहासातला नवा अध्याय आहे. बोनससाठी संप ऐकले, महागाई भत्त्यासाठी ऐकले. विमा रद्द करण्यासाठी घेराव अजून व्हायचा आहे.

मग कंपन्या विमा बंद का करत नाहीत? हप्ता वाचेल, खालचे कामगार सरकारकडे जातील, सगळे खूश. हिशेब बरोबर आहे. फक्त त्यावर सही करणारा माणूस चुकीचा आहे. विमा बंद करण्याचा निर्णय ज्या खोलीत होतो, तिथल्या कुणाचंही उत्पन्न ९० हजारांच्या खाली नसतं. विमा गेला तर झाडूवाल्याला सरकारी खर्चाने दंतवैद्य मिळतो आणि साहेबाच्या मुलीच्या दातांची तार साहेबाच्या अंगावर येते. शिवाय कंपनीने भरलेल्या हप्त्यावर कर्मचाऱ्याला केंद्राचा प्राप्तिकर लागत नाही. आणि जितका पगार मोठा, तितका वाचलेला कर मोठा. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दातांना सरकार मागच्या दाराने कधीपासूनच हातभार लावत आलंय. त्याला योजना म्हणत नाहीत, म्हणून त्याला उत्पन्नाची मर्यादाही नाही. खालच्यांच्या दातांसाठी साहेबांनी स्वतःचे पणाला लावल्याचं कुठे ऐकलंय?

यंदा जानेवारीत पुतण्याच्या गोदामात कल्याणसभा झाली. ज्या हंगामी कामगारांना आजवर काहीच नव्हतं, त्यांच्यासाठी मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी ‘वेलनेस अकाउंट’ जाहीर केलं. वर्षाला २०० डॉलर. चष्मा घ्या, जिमला जा, दात दाखवा, घरच्यांसाठीही वापरा. समोसे होते. टाळ्या अर्ध्यावर थांबल्या, कारण मागच्या रांगेतल्या एकाने हात वर केला. त्याची बायको जूनपासून सरकारी योजनेत होती, तीन दाढांचं काम झालेलं, दोन राहिलेल्या.

“मॅडम, यातून दात वगळता येतील का?”

“वगळायचे कशाला? जास्तीची सोय आहे!”

“मग मी अर्जच भरत नाही.”

बाईंनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्याने बॉक्स ४५ची नियमावली उघडून दाखवली: आरोग्य आणि वेलनेस खात्यातून दातांचा खर्च मिळत असेल तर तीही सोयच. अर्ज भरा, नका भरू.

“म्हणजे मला तीन लागणार?”

“तीन.”

त्याने प्लेटमधला समोसा तसाच ठेवला आणि बाईंना विचारलं, कंपनीच्या या औदार्याविरुद्ध तक्रार नेमकी कुणाकडे करायची?