खरा पगार लिहा, खरा पगार द्या

जानेवारी उजाडला की सामाजिक संस्थांचे फोन वाजू लागतात. कंपनीच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) विभागातून विचारणा होते: पैसे शिल्लक आहेत, ३१ मार्चच्या आत खर्च व्हायला हवेत, दोन दिवसांत प्रपोजल पाठवाल का? संस्था रात्री जागून प्रपोजल तयार करते. त्यातल्या पगाराच्या रकान्यात खरा आकडा लिहायची संस्थेला भीती वाटते आणि तो वाचायची कंपनीची तयारी नसते. देणारा आणि घेणारा यांचं नातं बिघडतं ते इथे. पुढे शाल-श्रीफळ झालं, प्रकल्पाला साहेबांच्या भेटी झाल्या, तरी बिघडलेलं बिघडलेलंच राहतं.

दप्तरांना पैसे मिळतात. दप्तर मिळालेली मुलगी चार दिवस शाळेत दिसली नाही, तर तिच्या घरी जाऊन चौकशी करणाऱ्या ताईच्या मानधनाला मिळत नाहीत. टॅब मिळतात, ते दुरुस्त करणाऱ्याचा पगार मिळत नाही. वस्तूंचा फोटो निघतो, पगाराचा निघत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण मुलगी शाळेत टिकते ती ताईमुळे, आणि पैसे देणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं मी मानत नाही.

मग एक ठरलेलं उत्तर येतं: 'ॲडमिन खर्च पाच टक्क्यांच्या वर कायद्यातच बसत नाही.' हे साफ चूक आहे. २०२१च्या सुधारित नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या पाच टक्क्यांत धरायचा नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने त्याच वर्षी ऑगस्टमधल्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. म्हणजे ताईचं मानधन हा ॲडमिन खर्च नाहीच, तो प्रकल्पच आहे. तरीही कंपनी आपल्यावरची मर्यादा संस्थेवर लादते आणि वर कायद्याचं नाव सांगते.

याचा परिणाम प्रत्येक संस्थेच्या हिशेबनिसाला माहीत असतो. त्याचं नाव बजेटमध्ये 'प्रशिक्षण समन्वयक' म्हणून चढतं. कार्यालयाचं भाडं 'शैक्षणिक साहित्य' या हेडखाली जातं. संस्थांनी हे बंद केलं पाहिजे, कारण हे खोटं आहे आणि एकदा लिहिलं की दर वर्षी लिहावं लागतं. 'आमचा वरखर्च फक्त पाच टक्के' असं मिरवणारी संस्था शेजारच्या प्रामाणिक संस्थेचंही नुकसान करते. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने भारतातल्या ४० नावाजलेल्या संस्थांचे हिशेब पाहिले, तेव्हा अप्रत्यक्ष खर्च ५ पासून ५१ टक्क्यांपर्यंत निघाला आणि मधला आकडा होता १९. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचा खर्च एक, जनजागृती करणाऱ्या संस्थेचा दुसरा. सगळ्यांना एकच टक्का लावणं हा आळस आहे.

दुसरं भांडण कॅलेंडरचं. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेला विचारा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. मुलांना गावात ठेवून घ्यायचं तर आईवडिलांशी बोलणं पावसाळ्यात व्हायला हवं, जेवणाची आणि मुक्कामाची सोय सप्टेंबरात तयार हवी. कंपनीचा करार होतो डिसेंबरात आणि पैसे येतात जानेवारीत. तोवर मूल फडावर पोचलेलं असतं. मार्चमध्ये युटिलायझेशन सर्टिफिकेट मात्र वेळेवर हवं असतं.

इथेही कायदा आडवा येत नाही. चालू प्रकल्प म्हणून मंजुरी दिली, तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं काम चालवता येतं. त्या वर्षीची शिल्लक रक्कम आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि पुढे प्रकल्पासाठी वापरायची, एवढीच अट. मार्चची धावपळ कंपन्यांनी स्वतः ओढवून घेतलेली आहे. तीन वर्षांचा करार केला की संस्थेला माणूस नेमता येतो. एका वर्षाच्या पैशावर नेमलेला माणूस जानेवारीपासून दुसरी नोकरी शोधू लागतो, आणि त्याने शोधू नये असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने 'सर्च' ही संस्था सुरू केली १९८६ मध्ये. नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याच्या त्यांच्या पद्धतीवरचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला १९९९ मध्ये. केंद्र सरकारने ती पद्धत आशा सेविकांमार्फत देशभर नेली २०११ मध्ये. हे काम कशाने झालं? गावातल्या बाईला शिकवून, तिला मोबदला देऊन, तिने भेट दिलेल्या प्रत्येक बाळाची नोंद पुन्हा तपासून. त्यात बॅनर लावण्याजोगी वस्तू जवळपास नव्हतीच. मार्च ते मार्च पैसे देणाऱ्याच्या हाती पहिल्या वर्षी काय लागलं असतं? नोंदवह्या.

देणाऱ्याने नाव मागण्याला माझी हरकत नाही. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये धोंडो केशव कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले, विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव मिळालं आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव आजही मुली पदवीवर मिळवतात. माझी हरकत दप्तरावर छापलेल्या कंपनीच्या बोधचिन्हाला आहे. ते रोज वर्गात सांगतं की या मुलीला हे फुकट मिळालं. चेक हातात घेऊन रांगेत उभ्या केलेल्या पालकांच्या फोटोलाही आहे. संस्थांनी अशा अटींना नाही म्हणावं. दहांतली एखादी कंपनी निघून जाईल, हे मला माहीत आहे, आणि लहान संस्थेला ती एकही परवडत नाही, हेही. म्हणून हे आधी ज्यांना परवडेल अशा मोठ्या संस्थांनी म्हणावं. त्यांच्या तोंडून नकार गेला की लहानांना बोलायला जागा होते.

आणि वाईट बातमी. ती संस्थेने फोन करून, काम फसतंय असं दिसताच सांगावी. वार्षिक अहवालाच्या तेराव्या पानावर ठेवू नये. शंभर मुलांचं ठरलं होतं, साठच गावात थांबली, उरलेल्यांच्या आया मुलगी एकटी ठेवायला तयार नव्हत्या, इतकं सरळ. हे ऐकल्यावर सीएसआर अधिकाऱ्याने आपल्या समितीपुढे तेच जसंच्या तसं मांडावं आणि मुलींच्या मुक्कामाला बाई नेमायला पैसे वाढवून मागावेत. त्याऐवजी त्याने पुढचा हप्ता अडवला, तर ही गोष्ट आठवड्याभरात तालुक्यात पसरते, आणि त्यानंतर त्या कंपनीला येणाऱ्या प्रत्येक अहवालात शंभरपैकी शंभर मुलं थांबलेली असतात.